लाल बटण

मिस्त्रीने गॅस कटर पेटवला, तेवढ्यात वहिनी गॅरेजच्या दारात आली. नवरा गेल्यापासून तिने इथे पाऊल ठेवलं नव्हतं. आज नणंदेने हाताला धरून ओढत आणलं होतं.

"थांबा हो मिस्त्री!" नणंद ओरडली. "दादाची गाडी आहे ती, भंगार नाही."

"मग न्या ढकलत," मिस्त्री म्हणाला. "संध्याकाळपर्यंत जागा रिकामी करून द्यायचीय मला. पुढची चाकं तसूभर हलत नाहीत. ब्रेकच्या नळ्या काढल्या, पॅड काढले, बॅटरी तर केव्हाची फळीवर पडलीय. धरून ठेवायला आत काही उरलंच नाही. मी हात टेकले बुवा. आता कापायची, दुसरं काय!"

गाडी दाराकडे तोंड करून उतारावर उभी होती. चाकांना साधी वीटसुद्धा लावलेली नव्हती.

वहिनीने काचेतून आत पाहिलं. स्टिअरिंगवरचं लाल बटण आत गेलेलं होतं, कोणीतरी अंगठ्याने दाबून धरल्यासारखं. अंगठा काढला की ते बटण वर येतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

नवरा ही गाडी शर्यतीत पळवायचा. शर्यतीआधी टायर तापवायला लागायचं ते बटण. ब्रेक दाबायचा, बटण दाबून धरायचं, मग ब्रेकवरचा पाय काढून इंजिनाला रेस द्यायची. पुढची चाकं जखडलेली राहतात आणि मागची जागच्या जागी गरगरून धूर काढतात. बटण सोडलं की गाडी सुटते. कधी सोडायचं ते आत बसलेल्याला धुरात कळत नाही, म्हणून समोर एक माणूस उभा राहतो. मूठ मिटलेली असेल तर धर. पंजा उघडला की सोड.

समोर नेहमी वहिनीच असायची. घरात तिचं एक अक्षर न ऐकणारा नवरा शर्यतीत मात्र तिच्या हाताकडे टक लावून बसायचा. एकदा तिला शिंकांवर शिंका आल्या आणि पंजा उघडायचा राहूनच गेला. टायर फुटायची वेळ आली, लोक बोंबलायला लागले, पण पठ्ठ्याने बटण सोडलं नाही.

"तू कुठे सांगितलंस?" एवढंच म्हणाला नंतर. तिला हसावं की रडावं कळेना.

शेवटच्या शर्यतीत तो त्या धुरातच गेला. इंजिन गचके खात बंद पडलं, तशी वहिनी धावली. त्याची मान स्टिअरिंगवर टेकली होती, हृदय थांबलं होतं, पण अंगठा बटणावर तसाच होता. तो सुटला असता तर गाडी तिच्या अंगावर आली असती. लोक म्हणाले, देवाची कृपा. तिला त्या कृपेचा रागच आला होता. त्या दिवसापासून तिचा उजवा हात झोपेतसुद्धा मिटलेला असे. सकाळी एकेक बोट डाव्या हाताने सोडवावं लागे.

"वहिनी, बाजूला व्हा. ठिणग्या उडतील," मिस्त्री म्हणाला.

ती हलली नाही. गाडीच्या बरोबर समोर उभी राहून ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. आत्ताही तो मिटलेलाच होता.

तिने हात वर केला. रिकाम्या सीटकडे बघितलं.

"सोड रे आता," ती म्हणाली आणि तिने पंजा उघडला.

आत खट्ट आवाज झाला. बटण वर आलं. चाकं कुरकुरली आणि गाडी उतारावरून सावकाश पुढे यायला लागली. वहिनी बाजूला झाली. गाडी तिच्या पदराला घासून दाराबाहेर गेली आणि सपाटीवर जाऊन थांबली. आत कोणीच नव्हतं.

मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. नणंदेने वहिनीचा दंड गच्च धरला.

"वहिनी... काय केलंस तू?"

वहिनी डोळे पुसत होती, उघड्या पंजाने.

"त्या दिवशी मी मूठ मिटूनच धावले होते गं."