देवळाच्या पायरीवर

दोन हजार अठराचा माघ महिना. श्रीलंकेतल्या समुद्राकाठच्या एका हॉटेलात सिंधु फोन कानाला गच्च धरून उभी होती, आणि तिकडं लातुरात तिची सून वर्षाराणी रडू दाबून बोलत होती.

"मामा कसे हायत?" सिंधुनं नवऱ्याचं विचारलं.

"बरे हायत, आत्याबाई. झोपलेत."

"रातच्याला इचारलं तवा बी झोपलेच होते."

"हाव. औषधानं लई झोप येऊन राहिली त्यांना."

मागं बायकांची कुजबुज होती. भांडी वाजत होती.

"घरात कोण आलंय गं?"

"औशाचे पाहुणे. मुक्कामाला हायत." आणि तिनं फोन ठेवून दिला.

औशाला सिंधुच्या मालकांचे, अमृतरावांचे, सगळे भाऊबंद. सण नाही, कार्य नाही, आणि मुक्कामाला कशाला?

अर्धांगवायूनं अमृतरावांची वाचा गेली, तेव्हापासून सिंधुनं उंबरा सोडला नव्हता. तिला बाहेर काढलं ते दोन मैत्रिणींनी. एक उमादेवी, भिंतीला भिंत लागून शेजारीण. तिच्या मालकाचं, मलप्पांचं, भांड्यांचं दुकान. दुसरी नांदेडची तनुजा, लग्नच न केलेली, मास्तरीण म्हणून निवृत्त झालेली. तिघी लातूरच्या शाळेत एका बाकावर बसलेल्या. "एकदा विमानात बसू, सिंधे, मग मरायला मोकळ्या," म्हणत उमा वर्षभर तिच्या मागं लागली होती. निघताना अमृतरावांनी डावा हात हलवून 'जा' म्हटलं खरं, पण त्यांचे डोळे भरले होते. ते डोळे विमानातही सिंधुच्या समोरून हलले नाहीत.

आदल्या संध्याकाळी तनुजाचा फोन वाजला होता. ती बाहेर गेली, मग तिनं उमाला हाक मारली. बऱ्याच वेळानं दोघी तोंड धुऊन आत आल्या. डोळे लालच होते.

"कुणाचा होता गं?" सिंधुनं विचारलं.

"भाच्याचा. भोकरच्या शेताचं लफडं, दुसरं काय," तनुजा म्हणाली. तिला खोटं बोलता येत नसे; शाळेतही छडी तीच खायची.

"चल, जेवून घे," उमा म्हणाली आणि उगीचच सिंधुच्या पाठीवरून हात फिरवला.

सुनेच्या त्या फोननंतर तिघी बाजारात गेल्या. परदेशात गेलं की सिंधु आणि उमानं सारख्या बांगड्या भरायच्या, हे घरूनच ठरलेलं. दुकानदारानं हिरवी काकणं पुढं केली. सिंधुनं हात लांबवला. उमानं तो मनगटाला धरून मागं घेतला.

"राहू दे. बांगड्या नको आता."

"अगं, पण ठरलं होतं की."

"नको म्हणते ना, सिंधे."

तनुजा पाठ फिरवून शंख-शिंपले बघत राहिली.

सिंधुनं हात पदराखाली घेतला. पाहुणे कशाला आले, सून का रडते, मैत्रिणी का लपवतात, सगळ्याचा उलगडा त्या एका हातात झाला. माणूस गेलं, आणि आपण समुद्र बघून राहिलो. तोंडात पाणी घालायलाही नव्हतो.

हंबरडा फोडावा असं वाटलं. पण उमाकडं बघून तिनं तो गिळला. कळलंय म्हटलं, तर या दोघी आत्ता बॅगा भरतील. साऱ्या जन्मात भांडी पुसण्यापलीकडं उमानं काय बघितलं होतं? दोन दिवस राहिलेत. त्यांचे तरी सुखाचे जाऊ देत.

दुपार कलल्यावर सहलीच्या गाडीनं सगळ्यांना कड्यावरच्या महादेवाच्या देवळात नेलं. खाली समुद्र आपटत होता. सिंधु पहिल्या पायरीवरच बसली. घरात माणूस गेलेलं असताना देवळात पाऊल टाकायचं नाही, हे तिला कुणी वेगळं शिकवावं लागलं नव्हतं.

"इथवर येऊन पायरीवर बसतीस व्हय?" उमा म्हणाली.

"गुडघे धरलेत. तू जा. माझा बी नमस्कार सांग."

उमानं तिच्याकडं नीट बघितलं आणि मग कपाळावरचा भस्माचा पट्टा सारखा करून वर गेली. सिंधुला तिचा क्षणभर हेवा वाटला. जिच्या घरी सगळं ठीक आहे, तिनं खुशाल घंटा वाजवावी.

बऱ्याच वेळानं उमा खाली आली आणि तिच्याजवळ टेकली. दोघी एकमेकींचा हात धरून समुद्राकडं बघत राहिल्या.

"हस की जरा," उमा म्हणाली. "तू हसलीस की मला धीर येतो."

सिंधु हसली. तनुजानं तो फोटो काढला.

परतीला हैदराबादहून रेल्वेनं लातूर. रिक्षा गल्लीत वळली तेव्हा सिंधुनं डोळे मिटून घेतले होते. उमानं तिला हलवलं. "उतर. वाट बघायलेत."

ओट्यावर उन्हात, खुर्चीत अमृतराव बसले होते. ताजी दाढी केलेली. त्यांनी डावा हात उचलला. सिंधु जिथं उतरली तिथंच मातीत बसली आणि लेकरासारखी रडली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. अमृतराव पुढं चार वर्षं जगले आणि सिंधुच्या हातून पाणी पिऊन गेले. तनुजानं नांदेडचं घर विकलं. ती भोकरला भाच्याकडं असते आणि त्याच्या पोरांना पाढे शिकवते. वर्षाराणीनं शिवणाचं दुकान टाकलं. उमादेवी अजून शेजारीच आहे, भांड्यांच्या दुकानात गल्ल्यावर तीच बसते.

एकदा सिंधुनं तिला विचारलंच, "त्या दिवशी देवळात पाय कसा टाकवला गं तुला?"

"आमच्यात सुतक धरत न्हाईत, सिंधे," उमा म्हणाली. "इकडं तुझ्या घरी उतरलेले माझे औशाचे दीर मालकांना माती देऊन राहिले होते. मला पोचणं हुणार नव्हतं, अन् तुझी सहल मोडायची नव्हती, तवा मी तिथंच त्यांच्या नावानं दिवा लावला."