जगदेवीअक्काचा नवस

“दक्षिण ध्रुव? म्हणजे तो खालचा?” विरूपाक्ष सरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला.

“हाव सर, खालचा.”

विरूपाक्ष सरांच्या फिजिक्सच्या क्लाससाठी निलंग्यापासून मुरुडपर्यंतची पोरं लातुरात खोल्या करून राहत. त्यातली काही डॉक्टर होत, काही इंजिनिअर, आणि चौकातल्या फ्लेक्सवर त्यांचे हसरे फोटो लागत. ध्रुवाचं नाव मात्र आजवर कुणी काढलं नव्हतं. अक्षरा त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता त्यांच्याच क्लासात शिकवणारी. सरांच्या अंगावर काटा आला.

“आठ देशांतल्या बायकांची मोहीम आहे, सर. स्कीवर चालायचं, सामानाची घसरगाडी स्वतः ओढायची. त्यांना नावाजलेले गिर्यारोहक नकोत, साध्या घरातल्या बायका हव्यात. मी सहज अर्ज भरून टाकला. मनालीच्या वर बर्फात नेऊन पारखलं. उघड्यावर झोप कुणाला लागते ते बघत होते. निवड झाली. पण पैसे आपले आपण उभे करायचे. दिवाळीपर्यंत भरले नाहीत तर जागा जाते. तीन ठिकाणी जाऊन आले. ऐकून सगळे हसले. सर, आधी एक सांगते...”

“हसले?” सर ताडकन उठले. “लातूर पॅटर्नला हसले?”

समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची सरांना सवय नव्हती. शिकवण्याच्या धंद्यात ती फारशी कुणाला नसतेच.

दुसऱ्या दिवशी सर गंजगोलाईत दुकानं पालथी घालू लागले. तिथे सूर्य महिनोन् महिने मावळत नाही, नजर जाईल तिथवर झाड नाही, घर नाही, कावळासुद्धा नाही, हे सांगताना त्यांचाच आवाज कापे. ऐकणारा अडत्या मात्र डाळ चाळत राही.

“सर, इथं प्यायला पानी न्हाई, अन् तुम्ही बर्फासाठी पैसे मागायलात?”

दसरा आला तरी निम्मेसुद्धा जमले नाहीत. पोरीची जागा जाणार या धास्तीनं सरांना अन्न गोड लागेना. शेवटी एका सकाळी ते अक्षराच्या गावी निघाले. तिच्या आईला धीर द्यावा, दुसरं काय?

भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं ते गाव. वेशीबाहेर सरांनी गाडीचा ब्रेक दाबला. पदर खोचलेली, चाळिशीची एक दणकट बाई कंबरेला दोर बांधून ट्रकचा टायर ओढत येत होती. मागे धुळीचा लोट. घामानं कपाळावरचं भस्म ओघळलं होतं. तोंडावरून ती अक्षराची आई जगदेवी हे कुणी सांगायला नको होतं.

सरांनी चपला काढल्या.

“शरणार्थ, अक्का. मी अक्षराचा सर. हे कुठवर?”

“शरणार्थ, सर. महादेवापस्तोर. अन् परत.”

“रोज?”

“रोज. पुढल्या आठवड्यात दोन टायर बांधनार हाय.”

सरांचे डोळे भरून आले. दंडवत घालत जाणारे त्यांनी पाहिले होते, अनवाणी चालणारे पाहिले होते. असला कडक नवस बापजन्मात पाहिला नव्हता.

“सुखरूप परत येणं व्हावं, हेच मागणं ना?”

जगदेवीनं दोराची गाठ आवळली. “दुसरं काय मागायचं, सर?”

घरी अंगणात बाज होती. धोंडप्पा, तिचा नवरा, भूकंपात माळवदाखाली गेला, तेव्हापासून ही बाई छताखाली निजलेली नाही. पाऊस असो, थंडी असो, बाज अंगणात. सरांनी मनोमन हात जोडले. नवसाची बाई उपाशी असेल म्हणून त्यांनी चहासुद्धा नको म्हटलं, तर ती तुपात बुडवलेल्या भाकरी आणि वर तीन लाडू खाऊन मोकळी झाली. काळजीनं काहींची भूक मरते, काहींची खवळते. आजारी आजीला बघायला घरी आलेली अक्षरा मान खाली घालून वाढत होती.

त्या दिवसापासून सरांनी सूर्य, बर्फ सगळं बाजूला ठेवलं आणि फक्त आईचा नवस सांगितला. गंजगोलाई विरघळली. अडत्यानं डाळीची चाळणी खाली ठेवून गल्ला उघडला. क्लासच्या पोरांनी आठवडाभर वडापाव सोडला. लोक जीप करून गावात जाऊ लागले. बायका टायरला हळदकुंकू लावत, वर नारळ ठेवत. जगदेवी थांबत नसे. नारळांनी टायर जड झाला तर उलट तिचा चेहरा खुले.

सरांनी चौकात मोठा फ्लेक्स लावायचं ठरवलं.

“माझा फोटो नको, सर,” अक्षरा म्हणाली. “खरं सांगू का...”

“केवढा हा विनय!” सर म्हणाले, आणि फ्लेक्सवर पेंग्विन आला.

दिवाळीआधी पैसे भरले गेले. पावतीवरचा आकडा पाहूनच सर लहान मुलासारखे रडले.

निरोपाला लातूर स्टेशनवर बँड होता. सरांनी हातभर लांब हार अक्षराच्या गळ्यात घातला. तिला हुंदका आवरत नव्हता.

“भिऊ नको,” सर म्हणाले. “सारं लातूर पाठीशी आहे.”

“सर, ऐका ना...”

“आल्यावर ऐकतो. आधी चढ.”

जगदेवी भल्यामोठ्या दोन बॅगा उचलून केव्हाच डब्यात चढली होती. मुंबईपर्यंत पोचवायला आई नाही तर कोण जाणार? सरांना तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण दारात गर्दी होती. आपल्या मातीतलं एक माणूस पृथ्वीच्या शेवटच्या टोकावर उभं राहणार, या विचारानं त्यांचा ऊर भरून आला.

शिटी झाली. गाडी हलली.

“अक्षरा! चढ! अगं, चढ!” सर ओरडले. बँड एकदम बंद पडला.

अक्षरा गाडीबरोबर धावली, पण चढली नाही. गळ्यातला हार काढून तिनं दारात उभ्या असलेल्या आईच्या हातात दिला आणि ती फलाटावरच थांबली.

“आजीच्या गोळ्या चुकवू नको!” दारातून जगदेवी ओरडली. “संक्रांतीपस्तोर पोचतेच मी, ध्रुव बघून!”