भाडेकरूचं कुलूप

धुळ्यातलं घर विकायचंच म्हणून पंडित नाशिकहून आला, तो थेट गिऱ्हाईक घेऊनच. पुढच्या खोलीतला भाडेकरू यादव आता काय बोलतो या धास्तीनं पंडितच्या आई, लिलाबाई, दाराआड उभ्या राहिल्या.

"खोली कधी सोडणार?" गिऱ्हाइकानं विचारलं.

"सोडणार नाही. जा कोर्टात!" यादवनं तोंडावर दार आपटलं.

झालं! भाडेकरूसकट घर कोण घेतो? गिऱ्हाईक आल्या पावली परतलं. पंडितनं आईवरच तोंड टाकलं, "असला मवाली तूच घरात घेतलास!" आणि तणतणत तोही एस.टी. स्टँडकडे निघून गेला. लिलाबाई ओट्यावर बसल्या.

दोघं वळणाआड गेले तसा यादव हळूच बाहेर आला.

"अक्का, तुम्ही शिकवलं तसंच बोललो. पण आता माझी भुसावळला बदली झालीय. उद्या सामान हलवतो." त्यानं किल्ली पुढं केली.

लिलाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. शेजारची सुंदरबाई मुलाच्या शब्दावर घर विकून बसली होती. आता पिशवी घेऊन या लेकीकडून त्या लेकीकडे फिरत होती.

त्यांनी किल्ली घेतली नाही. यादवची मूठच दोन्ही हातांनी घट्ट मिटवली.

"भाऊ, सामान लई जाय. पन खोलीले कुलूप मातर तुनंच ऱ्हाऊ दे."