दाराबाहेर

माझी बायको लोरेन ल्युपसने गेली आणि पुढच्याच वर्षी तोच आजार आमच्या चौदा वर्षांच्या मुलीला, रोशेलला निघाला. तिला तपासणीसाठी विनिपेगला न्यावं लागतं. आज डॉक्टर फ्रीसेन म्हणाल्या, "लघवीतून पुन्हा जास्त प्रोटीन जातंय. गोळ्या चालू आहेत ना?" "मी स्वतः देतो," मी चिडूनच म्हणालो. "तुम्ही नुसता डोस वाढवत बसता. गोळ्यांनी चेहरा कसा सुजलाय बघा तिचा." "ही सूज गोळ्यांची नाही, किडनीची आहे," त्या म्हणाल्या. या वयाच्या मुलांशी त्या थोडा वेळ एकट्याच बोलतात, म्हणून त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं. "बाबा, दाराला कान लावू नकोस हं," रोशेल म्हणाली. बाहेर मी नुसता धुमसत होतो. बापापासून लपवण्यासारखं काय असतं? शेवटी आत बोलावलं. "तू सांगतेस की मी सांगू?" डॉक्टरांनी तिला विचारलं. रोशेल खाली बघत म्हणाली, "गोळी मी जिभेखाली धरते. तू वळलास की थुंकते." माझं डोकंच फिरलं. "का? चेहरा गोल होतो, पोरं हसतात म्हणून? अगं, किडनी जाईल तुझी." "हसू देत पोरं," ती म्हणाली. "आईने एकही गोळी चुकवली नव्हती, बाबा. मग ती का गेली?"  मी डॉक्टरांकडे वळलो. "सांगा तिला. मलाही तेच विचारायचं होतं, पण धीर झाला नाही."