फुकटातली क्लिप

गाडीच्या बॉनेटवर झेंडूचा हार चढला होता, चाकांखाली लिंबं ठेवून झाली होती, आणि गाडीचे नवे मालक आनंदराव शोरूमच्या काउंटरवर हात आपटत होते.

भांडण एका क्लिपवरून पेटलं होतं. सेल्समन ऋषिकेशनं शोरूमकडून भेट म्हणून एक पुडकं हातात ठेवलं होतं. त्यात पायाखालच्या चटया होत्या, अत्तराची बाटली होती, छोटा गणपती होता आणि एक चपटी लोखंडी क्लिप होती. हे काय, असं विचारल्यावर ऋषिकेश हळू आवाजात म्हणाला की सीटबेल्ट लावायचा कंटाळा आला, तर ही त्याच्या खाचेत खुपसायची. गाडीला वाटतं बेल्ट लावलाय, मग ती वाजत नाही.

"अन् हे तुमी फुकट देऊन राहिले?"

"काका, सगळेच मागतात. नाही देल्ली तं लोकं चिडतात."

आनंदरावांचं डोकंच फिरलं. गेला सबंध उन्हाळा त्यांनी या एका गाडीपायी शोरूम पालथी घातली होती. लेक दामिनी मौद्याच्या वीज केंद्रात नोकरीला लागली होती, आणि भंडारा रोडवरच्या त्या ट्रकांच्या रांगांतून तिला रोज जायचं-यायचं होतं. त्या विचारानं त्यांची झोप उडाली होती. सल्ले द्यायला अख्खं गाव तयार होतं. शेजारी बोटांनी दार वाजवून पत्रा किती जाड ते सांगायचा, काटोलचा मेहुणा म्हणायचा, जड गाडी घ्या, बाकी सगळं झूट. आनंदरावांचा विश्वास फक्त चाचणीवर. कंपनी गाडी भिंतीवर आपटते, आत बसवलेला पिवळा पुतळा पुढं झेपावतो, फुगा फुगतो आणि पुतळा वाचतो, तो व्हिडीओ त्यांनी घरात प्रत्येकाला जेवताजेवता दाखवला होता.

त्यातही गोम निघालीच. चाचणीत सुरक्षेचे पाच तारे मिळाले होते ते महागाच्या मॉडेलला, आणि ऋषिकेश गळ्यात मारत होता ते स्वस्तातलं. एवढं वदवून घ्यायला दोन-तीन खेपा पडल्या, आणि मग आनंदरावांनी महागाचंच घेतलं. मायलेजचंही तेच. कागदावर छापलेला आकडा कुठं मिळतो, तर म्हणे कंपनीच्या मैदानावर, एसी बंद ठेवून. नागपूरच्या मे महिन्यात एसी बंद ठेवून कोण गाडी चालवतं, ते कंपनीलाच ठाऊक.

"एकीकडे पाच तारे विकता, अन् दुसरीकडे हे?" आनंदरावांनी क्लिप त्याच्या नाकासमोर धरली. "तुमच्या या धंद्यात खरं बोलणारं एक तरी कोणी हाय का?"

मॅनेजर थंड सरबत घेऊन धावला आणि क्लिप परत मागू लागला. पण आनंदराव कसले देतात. हा पुरावा आहे, याचा फोटो थेट कंपनीला जाणार, वेळ पडली तर ग्राहक मंचात जाणार, असं बजावून त्यांनी ती कडक इस्त्रीच्या नव्या झब्ब्याच्या खिशात टाकली. शेवटी दामिनीनंच बाहेरून हाक मारली, मुहूर्त टळतोय म्हणून.

लिंबं चिरडली गेली, फोटो निघाले. गाडी वर्धा रोडला लागली. दामिनी चालवत होती आणि शेजारी आनंदराव मांडीवर नारळ आणि पेढ्यांचा डबा घेऊन बसले होते. तोंड अजून चालूच होतं. सगळे एका माळेचे मणी, लोकांच्या जिवाशी खेळतात, यांना कोणी विचारणारं नाही. एवढ्यात गाडी वाजायला लागली.

"हे काय वाजून राहिलं वं?"

तुमचा बेल्ट, असं दामिनीनं सांगितलं. आनंदरावांनी हात झटकला. मांडीवर नारळ आहे, झब्ब्याची इस्त्री मोडेल, आणि घर काही लांब नाही. गाडी मात्र वाजतच राहिली, आधी सावकाश, मग घाईघाईनं. अजनी चौक येईपर्यंत आनंदरावांचं डोकं ठणकायला लागलं. वैतागून त्यांनी खिशात हात घातला आणि क्लिप खाचेत खुपसली. आवाज थांबला.

"हं, आता कसं," ते म्हणाले, आणि सरकारनं या कंपन्यांना कसं वठणीवर आणायला पाहिजे ते पुढं सांगू लागले.

चौक ओलांडल्यावर दामिनीनं गाडी डावीकडे घेतली आणि उभी केली.

"काहून थांबवली?"

तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते. "बाबा, तुमच्या त्या व्हिडीओतल्या पुतळ्यानं बी बेल्ट लावला होता."

आनंदरावांना पुतळ्याच्या छातीवरचा तो काळा पट्टा आठवला. इतक्यांदा पाहिला होता. तरी सवयीनं तोंडातून निघालंच, "अवं, इथंच तं जायचं हाय."

दामिनीनं त्यांच्यापुढं हात पसरला. "मंग उद्यापासून ही क्लिप मले द्या. मौदा बी इथंच तं हाय."

आनंदरावांनी नारळ मागच्या सीटवर ठेवला, डबा पायाशी ठेवला आणि क्लिप ओढायला गेले. ती निघेना. कुठलं बटण दाबायचं तेही समजेना. दामिनी मदतीला वाकली नाही. मागून एक ऑटोवाला हॉर्न देत निघून गेला.

अखेर लाल बटण बोटाखाली आलं. क्लिप सुटून हातात आली तशी गाडी पुन्हा ओरडायला लागली, आणि आनंदरावांनी बेल्ट छातीवरून ओढून अडकवेपर्यंत ती एकसारखी ओरडत राहिली.