पदवी घरात घेताना

चिकोंडी उंबऱ्याबाहेर उभी होती आणि आत यायला तयार नव्हती. गळ्यात पदवीदानाचं उपरणं, एका हातात पदवीची गुंडाळी, दुसऱ्या हातात फोन.

अक्कांची निघायची गडबड चालली होती. दत्ताच्या देवळात कीर्तनाला बुवा उभे राहायची वेळ झाली होती. नमनच चुकलं तर उरलेल्या कीर्तनाला जाऊन काय उपयोग, असं त्यांचं मत.

"आत ये की गं. खांबागत काय उभी राहिलीस दारात?"

"आपलं आपण यायचं नसतंय, अक्का," चिकोंडी खालमानेनं म्हणाली. तीन वर्षं शाहूपुरीत अक्कांच्या माडीवर भाड्यानं राहून तिची मराठी पार इथली झाली होती. "तिकडं आफ्रिकेत, आमच्या मलावीत, आमच्या गावात, पदवी घेतलेलं पोर घरात एकटं शिरत न्हाय. आई भाईर येती. गाणं म्हणती. हाताला धरून आत घेती. तवर पदवी पुरी झाली न्हाय."

"मग आईला सांग की."

"आई तिकडं, उंबरा हिकडं." तिनं फोन पुढं केला. "आई म्हणतीया, जिच्या घरचं मीठ खाल्लं, तिनंच आत घ्यावं."

पडद्यावर मक्याच्या रानाकडेला अख्खं गाव दाटीनं उभं होतं. सगळ्यांच्या अंगावर ठेवणीतले कपडे. पुढं एक उंच बाई छातीशी हात धरून अक्कांकडेच बघत होती.

अक्कांचा पाय अडला. या पोरीच्या शिक्षणाचं त्यांना पहिल्यापासून नवल वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडं हसूही यायचं. इथली पोरं शिकायला बाहेर जातात. ही बाहेरून कोल्हापूरला आली. कुणी विषय काढला की अक्का म्हणायच्या, "शिक्षण म्हंजे आमच्या पोराचं, मोहितचं. अमेरिकेची पदवी हाय. शाहूवाडीतलं भाताचं रान गेलं त्यापायी, उगंच न्हाय." त्यावर चिकोंडी एवढंच म्हणायची, "माझ्यापायी गावातल्या घराघरातला मका गेला, अक्का." तिकडं कॉलेजात जागा थोड्या आणि खर्च फार. कोल्हापूरची फी सगळ्या गावानं मिळून पेलता येण्याजोगी होती. म्हणून गावानंच तिला इकडं धाडलं होतं.

देवळाकडून टाळ ऐकू आला. बुवा उभे राहिले.

अक्कांनी हातातली पिशवी खाली ठेवली. पदर खोचला आणि उंबरा ओलांडून त्या बाहेर आल्या. गाणं कुठलं म्हणायचं? नृसिंहवाडीला पालखीपुढं म्हणतात तो दत्ताचा गजर त्यांनी धरला. आवाज आधी कापला, मग लागला. जरा वेळानं फोनमधल्या बायांनीही सूर उचलला. शब्द त्यांचे, चाल अक्कांची. बुवांच्या मागं टाळकऱ्यांनी धृपद झेलावं तसं चाललं होतं. अक्कांनी चिकोंडीचा हात धरला आणि तिला घरात घेतलं. पोरीनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं.

फोनमधली बाई डोळे पुसत काहीतरी म्हणाली. चिकोंडी घुटमळली.

"काय म्हणती तुझी आई?"

"इचारतीया, मोहितला आत घेताना तुमी कंचं गाणं म्हणला. तिला ते शिकायचंय."

मोहितचं पदवीदान लई थाटात झालं, असं अक्का गल्लीत आजवर सांगत आल्या होत्या. सांगून सांगून त्यांनाही ते खरं वाटायला लागलं होतं. पण त्या बाईच्या तोंडाकडे बघून जिभेवर खोटं येईना.

"त्यो समारंभाला गेलाच न्हाय," त्या म्हणाल्या. "म्हणाला, नोकरी लागली, आता त्या कागदाला हितं कोण इचारतंय. कुरिअरनं आली पदवी त्येच्या खोलीवर. मला फोटू धाडला. गाणं न्हाय म्हणलं कुणी."

चिकोंडीनं हलक्या आवाजात ते पलीकडं सांगितलं. रानाकडेला, कुणाच्या घरी वाईट झाल्याचं कळावं तशा, पुरुषांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. मग तिची आई बोलली.

"आई म्हणतीया, मग पोरगं अजून दाराभाईरच उभं हाय की. त्येचं नाव सांगा म्हणती."

"मोहित," अक्का म्हणाल्या.

त्या बायांना ते नाव नीट म्हणता येईना. तरी त्यांनी ते गाण्यात घेतलं आणि गाणं पहिल्यापासून धरलं.

अक्का पुन्हा उंबरा ओलांडून बाहेर आल्या.