कोरं मशीन

हिरवी पट्टी नव्वद टक्क्यांवर येऊन अडली आणि गुलनाजचा श्वासही तिथंच अडला. पट्टीच्या मागं पडद्यावर तिच्या भाचीचा, आरजूचा फोटो होता, पुढचे दोन दात पडलेला. ईदच्या दुसऱ्या दिवशी गुलनाजनंच तो चाचणीच्या या जुन्या मशीनवर लावला होता. आता त्या बोळक्या हसण्याकडं बघतच ती मनातल्या मनात अल्लाला साकडं घालत होती. पट्टी हलली. शंभर झाले.

"चाललं की!" सगळ्यात आधी गुरप्पा काकाच ओरडले.

"ठरलं मग," पृथ्वीराज सर म्हणाले. "इन्स्टॉलर सी शार्पमध्येच. सोमवारी करमाळा, वैराग, अक्कलकोट, सगळ्या लॅबना पाठवून द्या." आणि ते पेढे आणायला खाली उतरले.

तसं बघायला गेलं तर वाद एवढासाच होता. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबचं सॉफ्टवेअर ही कंपनी करायची. ते मशीनवर बसवून देणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे इन्स्टॉलर; तो चालताना मध्येच काही खास कामं करावी लागतात. रुग्णांचे जुने रिपोर्ट शोधायचे, ते नव्या जागी नीट हलवायचे. ही कामं कुठल्या भाषेत लिहायची? गुरप्पा काका बावीस वर्षं सी प्लस प्लसमध्ये लिहीत आले होते. गुलनाजनं तेच सी शार्पमध्ये निम्म्या दिवसांत लिहून दाखवलं. सरांनी सरळ सांगून टाकलं होतं, एका कामाला दोन माणसं नकोत. दसऱ्याला दोघांचं बघू, ज्याची भाषा चालेल तो राहील.

गुलनाज हरली असती तर पुणं गाठावं लागलं असतं. घरी अम्मी, खातूनबी. मोतीबिंदूनं निम्मी आंधळी झालेली, आणि दुसरं कोणी नाही. आणि काका हरले तर? त्यांच्या घरी बायको, शिवबाई. चोपन्नाव्या वर्षी त्यांना कोण दारात उभं करणार होतं? गुलनाजला हे कळत नव्हतं असं नाही. पण माणूस आधी आपलं घर बघतो, त्यात तिचं काय चुकलं!

तिनं टेबलावरची आपट्याची पानं उचलली आणि काकांपुढं धरली. "सोनं घ्या, काका."

"सोन्यासारकी ऱ्हा, पोरी." काकांनी डोक्यावर हात ठेवला. चेहरा अगदी प्रसन्न. हरलेल्या माणसाचा चेहरा असा असतो होय?

ती मशीन बंद करायला वळली. मशीनवर कालच्या पूजेचं हळदकुंकू, झेंडूची माळ. पडद्यावर आरजू हसत होती. गुलनाजचा हात तिथंच थबकला.

गेल्या वर्षीची खंडेनवमी तिला आठवली. नोकरीला लागून तिला जेमतेम आठवडा झाला होता. सगळे आपापल्या मशीनला फुलं वाहत होते आणि काका मात्र या मशीनमधलं सगळंच्या सगळं काढून जुनी विंडोज नव्यानं घालत बसले होते. ती हसली तेव्हा म्हणाले होते, "गंजल्या हत्याराला हळदकुंकू वाहू न्हाय. आपल्या मशीनवर लई सामान साठतंय, तितं काय बी चालतंय. गिऱ्हाइकाकडं कुटं आसतंय ते?" दर खंडेनवमीला पूजेआधी ते चाचणीचं मशीन कोरं करत. बावीस वर्षं एकदाही चुकले नव्हते.

मग आरजू अजून इथं कशी?

"काका, काल तुम्ही मशीन कोरं केलं नाही."

काका झेंडूची एक पाकळी चुरगाळत राहिले. "येक वर्स ऱ्हायलं तर देव काय रागावत न्हाय."

सी शार्पला डॉट नेट नावाचं सामान मशीनवर आधीपासून लागतं, आणि तेही नवं; काकांच्या सी प्लस प्लसला असलं काही लागत नाही. मागं काकांनी एकदा विचारलं होतं, "वैरागला आसंल का गं ते?" आणि तिनं उडवून लावलं होतं, "आजकाल सगळीकडं असतंच की, काका." ऑफिसातल्या मशीनवर होतं. या मशीनवरही होतं, कारण तिनंच ते ईदच्या सुमारास घातलं होतं. कोऱ्या मशीनवर तिचा इन्स्टॉलर सरांसमोर तोंडावर आपटला असता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"आणि लॅबवाल्यांचं काय? त्यांचे रिपोर्ट?"

"उद्या तुला येकटीला सांगणार हुतो. सोमवारच्या आत नीट करून दिलं आसतं दोघांनी." त्यांनी आवाज खाली आणला. "चारचौघांत तुजं पडाय नको वाटलं. तुजी आई हाय घरी. माजं काय, शिवबाई आन् मी अक्कलकोटला जाऊन ऱ्हातो. मठात जेवण मिळतंयच की."

आणि हे सांगताना ते चक्क हसले. तिला त्यांचा भयंकर राग आला, आणि डोळे भरून आले. असला कसला हा माणूस!

तिनं त्यांचा खण उघडला. विंडोजची ती जुनी डिस्क कुठं असते ते तिला ठाऊक होतं.

"काय करतीयास? गुलनाज! साहेब आत्ता येतील वर."

"येऊ देत."

डिस्क आत गेली. सगळं पुसलं जाईल, नक्की का, असं मशीननं विचारलं. जिन्यावर सरांची पावलं वाजली. आरजूचा फोटो जाईल, डॉट नेट जाईल, आणि मग सरांसमोर इन्स्टॉलर परत लावून ती हिरवी पट्टी बघावी लागेल. तिनं 'होय' दाबलं.

पेढ्यांचा बॉक्स हातात घेऊन सर दारात उभे. "अगं, सगळं ठरलं ना? आता काय लावलंयस हे?"

"कालची खंडेनवमी राहिलीय, सर," गुलनाज म्हणाली. "तेवढी होऊ दे, मग ठरवा."